भय्याजीच्या जोडीची इंग्रजी

करडीच्या पुढं गाडीवाटेनं गेलं का जांभळीटोला लागते. धानाचं गाव. मळणी आटोपली, धान घरात आलं, का मंग गावाले एकच काम उरे, ते म्हणजे शंकरपट. बैलाच्या जोड्या हलक्या छकड्याले जुंपायच्या, धानाच्या रिकाम्या बांध्यायचे धुरे मोडून सरळ लांब पट्टा काढायचा, आन् कोणाची जोडी आधी झेंड्याले लागते ते पाह्यचं. तिकडं सिहोऱ्यापासून लोक येत. दूरचे पाहुणे वरठीच्या टेसनावर उतरून मिळंल त्या गाडीनं येत. साळीच्या लग्नाले आला नाही असा जावईही पटाले हजर राहे.

पटाच्या कमेटीचा अध्यक्ष भय्याजी. त्याच्या आधी त्याचा बाप होता आन् बापाच्या आधी आजा. अध्यक्षाची एक सागवानी खुर्ची होती. पट संपला का ती भय्याजीच्याच घरी येऊन पडे. वर्षभर तिच्यावर गोधड्या वाळत. ती खुर्ची कमेटीची आहे हे कमेटीही विसरून गेली होती.

भय्याजी माणूस वाईट नव्हता. पण हुकमाशिवाय त्याच्या तोंडात दुसरं काही नव्हतं. पानी आन. बैल सोड. उठ. सरक. जाय. लग्न लागल्यावर बायकोसंग पहिला शब्द बोलला तो 'सरक' होता असं गावातल्या बाया सांगत. सत्यभामाबाई सरकली, पण त्याच दिवशी तिनं या माणसावर हसायचं जे ठरवलं ते काही तिनं सोडलं नाही.

तर अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. त्या साली पटाले भंडाऱ्याहून मोठा साहेब येणार होता. साहेब मद्रासकडचा, नुकताच बदलून आलेला. कमेटीची बैठक भरली तशी सिहोऱ्याचा धनीराम उठला. धनीराम खताच्या दुकानापायी नागपूरले जाये-येये. टेरिलिनचा सदरा घाले, आन् दर दोन वाक्यामांगं 'ओके' म्हणे. तो म्हणाला का साहेबाले मराठी येत नाही, हिंदी अर्धी येते, तर स्वागताचं भाषण इंग्रजीत झालं पाहिजे. आन् अध्यक्षाले इंग्रजी जमत नसंल तर ज्याले जमते त्याले खुर्ची द्यावी, त्यात कमीपणा कायचा, ओके.

सारे भय्याजीकडं पाहू लागले. भय्याजीनं मिशीले हात लावला.

"मी देतो भाषण," तो म्हणाला. "त्यात काय हाये."

त्यात काय आहे ते त्याले घरी आल्यावर समजलं. इंग्रजीतले त्याले तीनच शब्द येत. 'स्टॉप', 'फूल' आन् 'गुडमार्निंग', तेही तो संध्याकाळी म्हणे.

गावात इंग्रजी येणारा माणूस एकच. परसराम मास्तर. करडीच्या शाळेत शिकवे, आन् राहे बोडीच्या पलीकडं, बौद्ध मोहल्ल्यात. बोडी म्हणजे लहानसं तळं, काही समुद्र नव्हे, म्हशी बसल्या का अर्धी भरून जाये. पण भय्याजीनं ती जन्मात ओलांडली नव्हती. त्यानं आपल्या गड्याले, डोमाले, हुकूम सोडला का मास्तरले घेऊन ये. डोमाही त्याच मोहल्ल्यातला. पटात भय्याजीची जोडी हाकणारा धुरकरी तोच. डोमाचा हात बैलाले चाले, छकड्याले चाले, घरातल्या माठाले मात्र चालत नव्हता.

मास्तर आला. बाहेरच्या सपरीत त्याच्यासाठी खाली बोरा टाकला होता. सत्यभामाबाईनं आतून चहा पाठवला तो कान तुटलेल्या कपात. तो कप सपरीच्या वळचणीत खोचलेला राहे, आन् कोणासाठी राहे ते साऱ्या गावाले ठाऊक होतं. मास्तरनं कपाकडं पाहिलं, वळचणीकडं पाहिलं, आन् शांतपणे सांगतलं का मले चहा सोसत नाही, पित्त होते.

एवढं होऊनही शिकवायले हो काहून म्हणाला, ते मास्तरलेच माहीत. कोणी म्हणे भ्याला. कोणी म्हणे त्याले गंमत पाह्यची होती.

भय्याजीनं आपल्या मनानं जे भाषण जुळवलं होतं ते खणखणीत म्हणून दाखवलं. 'वी आर नोइंग यू साहेब. वी आर लव्हिंग यू. वी आर बिलीव्हिंग यू.' मास्तरनं डोळे मिटून घेतले. आता भय्याजीची तरी काय चूक. आपल्याकडं सारंच होऊन राहते. माणूस जाऊन राहिला, पाऊस पडून राहिला, मले समजून राहिलं, मले तू आवडून राहिली. जिकडं तिकडं राहिलो-राहिलो. भय्याजीनं तेच राहिलो उचललं आन् इंग्रजीच्या गळ्यात बांधलं.

मास्तर म्हणाला, "भय्याजी, इंग्रजीत क्रियापदाच्या दोन जाती हायेत."

भय्याजी खूश होऊन सरसावून बसला. "तिथंही जाती हायेत का?"

"हायेत जी. पण तिथं कोणी वर नाही, कोणी खाली नाही. निस्तं काम वेगळं."

"मंग जाती कायच्या," भय्याजी म्हणाला. त्याचा अर्धा जीव तिथंच उडाला.

मास्तरनं मंग समजावून सांगतलं. एक जात हातापायाची. पळणं, खाणं, ओढणं, नांगरणं. ते सुरू होते, चालते, थांबते. म्हणून तिथं राहिलो चालते, पळून राहिलो, खाऊन राहिलो. दुसरी जात पोटातली. माहीत असणं, आवडणं, विश्वास असणं. ते सुरू करता येत नाही, मधात सोडताही येत नाही. ते आहे तर आहे, नाही तर नाही. त्याले राहिलो लावलं का इंग्रज हसते. तवा 'वी नो यू', 'वी लव्ह यू', बस. आन् आणखी एक. हातापायाच्या जातीले हुकूम देता येते. रन म्हटलं का पळते. पोटातल्या जातीले हुकूम देऊन पाहा, समोरचा हो म्हणते, पण ऐकलं का नाही ते काही दिसत नाही.

हे भय्याजीले बिलकूल पटलं नाही. हुकूम देता येत नाही अशी वस्तू त्यानं पाहिलीच नव्हती. त्यानं अंगणात बैलासाठी सरकीची ढेप फोडत बसलेल्या डोमाले हाक मारली.

"डोमा, तू मले मानतं का नाही बे?"

"मानतो जी."

"पाह्य," भय्याजी मास्तरले म्हणाला. "झालं का नाही?"

डोमा खाली पाहून ढेप फोडू लागला. आतून सत्यभामाबाईच्या हसण्याचा आवाज आला.

मंग 'हॅव' आलं. 'आय हॅव टू बुलॉक्स', माझ्याजवळ दोन बैल आहेत. भय्याजीनं तिथंही 'हॅविंग' लावलं. मास्तर म्हणाला का बैल तुमच्याजवळ आहेत, ते काही तुमी करून राहिले नाही, तिथं राहिलो लागत नाही. पण तोच हॅव चहासाठी घेतला तर 'हॅविंग टी' बरोबर, काहून का पिणं हे हातातोंडाचं काम. भय्याजीचं डोकं गरगरलं. त्यानं मास्तरलेच सांगतलं, पिऊन दाखव म्हणजे समजंल. मास्तर म्हणाला का सोसत नाही सांगतलं ना जी.

जाताना मास्तर एक सांगून गेला. हातापायाचे शब्द ते काम करताना म्हणत जा. आन् पोटातले शब्द, ज्याच्यासाठी पोटात खरंच काही आहे, त्याच्या तोंडासमोर म्हणत जा. हवेत म्हटले तर बसत नाही.

भय्याजीनं लय इचार केला. पोटात कोणासाठी काय आहे याची त्यानं कधी झडतीच घेतली नव्हती. आधी तो चुलीजवळ गेला आन् सत्यभामाबाईले ठणकावून म्हणाला, आय लव्ह यू. तिनं इचारलं म्हणजे काय. त्यानं सांगतलं. तिनं त्याच्या कपाळाले हात लावून ताप पाहिला, मंग जी हसत सुटली ते चुलीवरचा भात खाली लागला तवा थांबली. करपलेला भात भय्याजीलेच खावा लागला.

दुसऱ्या दिवशी तो कोठ्यात गेला. तिथं लाल्या आन् बादल उभे होते, त्याच्या पटाची जोडी. लाल्याच्या गळ्याखाली हात फिरवला तवा भय्याजीले समजलं का पोटात जे काही आहे ते इथंच आहे. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, खिशातून गुळाचा खडा काढला, आन् हळूच म्हणाला, वी लव्ह यू. बैलानं गूळ खाल्ला. हसला नाही.

बस, भय्याजीले जागा सापडली. दिवस कलला का तो आन् बैल. वी नो यू, गूळ. वी लव्ह यू, गूळ. वी बिलीव्ह यू, मोठा खडा. भाषण तर मोठ्यानं द्यायचं, म्हणून पुढं पुढं तो बैल बांधीच्या एका टोकाले मोकळे सोडे, आपण दुसऱ्या टोकाले धुऱ्यावर उभा राही, आन् तिथून गर्जे. पहिले बैल चालत येत. मंग दुडक्या चालीनं येऊ लागले. मंग शेपट्या उचलून. भय्याजीले वाटे आवाज सुधरून राहिला आपला. डोमा बांधावर बसून बिडी ओढे. बैलाच्या गुळातला खडा-अर्धा खडा त्याच्याही वाट्याले येई, त्याचंही काही म्हणणं नव्हतं.

पुढल्या खेपेले शिकवायले आला तवा मास्तरले मात्र नवल वाटलं. भय्याजीच्या तोंडातलं राहिलो-राहिलो झडून गेलं होतं. वी लव्ह यू म्हणे तर असं म्हणे का ऐकणाऱ्याले खरं वाटावं. मास्तरनं इचारलं का सराव कोणासमोर करता जी. भय्याजी लाजला. जन्मात पहिल्यांदा लाजला असंल. म्हणाला, घरच्याच लोकायसमोर.

पटाचा दिवस उजाडला. पट्ट्याच्या शेवटाले, झेंड्याच्या बाजूनं मांडव टाकला होता. मोहाच्या झाडावर भोंगा बांधला होता, त्याचं तोंड सरळ पट्ट्याकडं. मांडवात साहेबासाठी गादीची खुर्ची आन् बाजूले भय्याजीची सागवानी. पहिली शर्यत मानाची ठरली होती, भय्याजीची जोडी आन् धनीरामची जोडी. भाषण झालं का साहेब रुमाल हलवंल आन् जोड्या सुटतीन. म्हणून दोन्ही छकडे आधीच जुंपून पार त्या टोकाले उभे होते. भय्याजीच्या छकड्यावर डोमा.

साहेब जीपनं आला. चष्म्याचा, कोवळा माणूस. झेंडूचा एवढा मोठा हार त्याच्या गळ्यात घातला का त्याची हनुवटी दिसेना. धनीराम भाषणातल्या चुका धरायले अगदी मायकाजवळ येऊन उभा राहिला. मास्तर लोकायमांगं, बाभळीखाली. त्याले मांडवात कोणी बोलावलं नव्हतं, आन् शिकवलं कोणी हे भय्याजीनं कोणाले सांगतलं नव्हतं.

भय्याजी उठला. पागोटं सावरलं. मायकात फू केलं.

"रिस्पेक्टेड साहेब. वी नो यू."

भोंग्यातून आवाज पट्टाभर गेला. साहेबानं मान वर केली. धनीरामचा चेहरा उतरला. लोकायले समजलं काहीच नाही, पण बाजूच्याकडं पाहून टाळ्या वाजल्या. त्या टोकाले लाल्याचे कान उभे झाले. डोमानं कासरा आवळला.

"वी लव्ह यू," भय्याजी म्हणाला, पोटातून म्हणाला, जसं रोज म्हणे तसं.

बादलनं खूर आपटला. डोमा बैलाले मराठीत समजावू लागला, पण बैलायचं ध्यान तिकडं नव्हतं. भय्याजीले अजून त्याचा पत्ता नव्हता. त्याले फक्त धनीरामचं उतरलेलं तोंड दिसत होतं, आन् त्या तोंडापायी त्यानं ठेवणीतला आवाज काढला.

"वी बिलीव्ह यू."

मोठा खडा. जोडी सुटली. अशी सुटली का रुमाल तर साहेबाच्या खिशातच होता. धनीरामच्या धुरकऱ्याले वाटलं शर्यत लागली, त्यानंही हाकलं. धनीरामची जोडी इमानदारीनं सरळ झेंड्याले लागली आन् थांबली. भय्याजीची जोडी तिच्या पुढं होती, चांगली दोन छकडे पुढं होती, पण झेंड्याच्या जरा अलीकडं ती वळली, दोरी तोडली, आन् सरळ मांडवात शिरली.

भय्याजीनं सारे हुकूम देऊन पाहिले. स्टॉप म्हणाला, गो म्हणाला, रन म्हणाला, मंग मराठीतले म्हणाला, मंग जे भोंग्यावर म्हणू नये ते म्हणाला. बैल त्याच्या छातीले येऊन भिडले. लाल्यानं त्याचा उजवा खिसा हुंगला, बादलनं डावा. त्या दिवशी नवा कोट होता, खिशात गूळ नव्हता. मंग बादलनं मान वळवली आन् साहेबाच्या गळ्यातला झेंडूचा हार शांतपणे खायले सुरवात केली. छकड्याचं चाक सागवानी खुर्चीले लागलं आन् आज्याच्या काळातली खुर्ची कडकन मोडली. डोमा छकड्यावर दोन्ही हात जोडून उभा होता. कोणाले जोडले ते त्यालेही माहीत नव्हतं.

साहेब पहिले घाबरला. मंग त्यानं अर्धा उरलेला हार स्वतःच काढून लाल्यासमोर धरला. आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाषण में सब जगह लव्ह बोलते हैं. दौड़ के कोई नहीं आया था."

साहेब हसला, पण कमेटी हसली नाही. जोडीनं पट्टा सोडला, दोरी तोडली, पाहुण्याचा हार खाल्ला. दुसऱ्याच दिवशी बैठक भरली आन् अध्यक्षपद धनीरामले गेलं. खुर्ची मोडली होती, म्हणून धनीरामनं आपल्या दुकानातली लोखंडी आणली. ओके.

आन् पोरायनं तर भय्याजीले सोडलंच नाही. तो रस्त्यानं निघाला का एखादं पोट्टं बोळातून ओरडे, 'वी लव्ह यू', आन् दुसरं हंबरे.

भय्याजीले वाटलं हे सारं त्या मास्तरचं काम. पोटातले शब्द पोटातल्यासमोर म्हणा, हे कोणं सांगतलं? त्यानं डोमाले हुकूम सोडला का मास्तरले घेऊन ये. डोमा गेला आन् एकटाच परत आला. म्हणे मास्तर येत नाही. म्हणे ज्याले काम आहे त्यानं यावं.

भय्याजी जागेवरून उठला आन् रागारागात बोडीची पाळ ओलांडून गेला. ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात आलं का आपण ओलांडली. बोडीत म्हशी बसल्या होत्या, त्यायनंही मान वर करून पाहिलं.

मास्तरच्या दारात धनीरामची सायकल उभी होती. धनीराम अंगणात उभा, आन् त्याच्यासमोर मास्तरची बायको लीलाबाई चहाचा कप घेऊन उभी. धनीराम पुढल्या सालच्या भाषणाची इंग्रजी शिकायले आला होता. आपल्याले चुका धरता येतात, भाषण येत नाही, हे त्याले अध्यक्ष झाल्यावर समजलं होतं. मास्तर दारात बसून सांगत होता का शिकवतो, काहून नाही शिकवणार, पण तुमच्या दुकानात येऊन नाही. इथं, या घरात बसून. आन् पहिले चहा घ्या.

धनीरामनं कपाकडं पाहिलं. मोहल्ला दारादारात उभा होता. धनीराम म्हणाला का मले चहा सोसत नाही, पित्त होते. मास्तर हसला. भय्याजीनं मास्तरले हसताना पहिल्यांदा पाहिलं. धनीरामनं सायकल काढली आन् भय्याजीकडं न पाहता निघून गेला.

लीलाबाई कप घेऊन तशीच उभी. वाफ निघून राहिली होती. भय्याजी भांडायले आला होता, शब्द जुळवून आला होता. पण त्याचं डोकं पटाच्या बाबतीत कोणापेक्षा कमी नव्हतं. धनीरामले इंग्रजी नाही. साहेब तर पुढल्या सालीही येणार, तसं सांगूनच गेला, बैल पाहायले येतो म्हणे. तवा मायकासमोर कोण उभं राहंल? ज्याले इंग्रजी येते तो. आन् इंग्रजी त्या कपाच्या पलीकडं बसली होती.

त्यानं मोहल्ल्याकडं पाहिलं. डोमाची बुढी माय कपाळावर हात धरून त्याच्याकडंच पाहत होती. भय्याजीनं लीलाबाईपुढं हात केला. 'आन' म्हणायले तोंड उघडलं होतं, पण हुकूम काही निघाला नाही. तिनं हातात कप दिला. कपाले कान होता.

त्यानं पहिला घोट असा घेतला जसा काही वैद्याचा काढा घेऊन राहिला. दुसरा बरा गेला. तिसऱ्याले त्याच्या ध्यानात आलं का साखर आपल्या घरच्यापेक्षा जास्त आहे.

"मास्तर," तो म्हणाला, "हे पाह्य, मी खुर्चीसाठी पिऊन राहिलो. पोटात माह्या काही बदल-बिदल नाही झाला."

"पोटातलं मी इचारलं नाही जी," मास्तर म्हणाला. "पोटाले हुकूम देता येत नाही. तुमी कप रिकामा करा."

भय्याजीनं कप रिकामा केला. मास्तरनं त्याले घरात नेलं आन् खाटेवर बसवलं. त्या दिवशी 'हॅविंग टी' एका दमात बरोबर आलं, आन् त्याले ते समजलंही.

घरी परत आला तवा बातमी त्याच्या आधी पोचली होती. सत्यभामाबाई अंगणात कोंबड्यायले पाणी पाजून राहिली होती, कान तुटलेल्या कपातून. वळचण रिकामी. भय्याजीनं पाहिलं आन् न पाहिल्यासारखं केलं. तिनं इचारलं का उद्या मास्तर आले तर आता चहा कायात देऊ.

"ते नाही येत," भय्याजी म्हणाला. "मीच जातो."

एवढं तो जरा मोठ्यानं बोलला. कोठ्यात लाल्या आन् बादलनं त्याचा आवाज ओळखला आन् दोघंही एकदम गुळासाठी हंबरले. सत्यभामाबाई हसायले बसली.